दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद

सुरतेच्या जैन कुळात १८३१ मध्ये जन्मलेले शेठ प्रेमचंद रायचंद बालपणीच मुंबईत आले. इंग्रजी विद्या संपादन करून त्यांनी दलालीचा व्यवसाय आरंभला. बाजारभावाची अचूक जाण आणि शब्दाची पत हेच त्यांचे खरे भांडवल होते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस येईनासा होताच लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर विसंबल्या. भाव कित्येक पटींनी चढले व मुंबईकडे संपत्तीचा ओघ लागला. शेठजी कापूस बाजाराचे अनभिषिक्त सम्राट झाले. बँकांचे व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर त्यांच्या शब्दावर चढत-उतरत असत. परंतु हे वैभव बहुतांशी उधारीवर उभे होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि शेठजींसह असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. सढळ हस्ते कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. या अनर्थातील शेठजींचा वाटा नाकारता येत नाही.

मात्र उत्कर्षकाळी केलेले दान बुडाले नाही. मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोऱ्यासाठी त्यांनी चार लक्ष रुपये अर्पण केले होते. मातोश्रींचे नाव धारण करणारा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठातही त्यांच्या देणगीतून शिष्यवृत्ती सुरू झाली.

१९०६ मध्ये शेठजी निवर्तले. परिग्रह-परिमाण व्रताचे महत्त्व त्यांच्या चरित्रातून प्रत्ययास येते. संचित धन अल्पावधीत लयास गेले. विद्यादान मात्र आजही उभे आहे.