मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्ष काढणारे रॉय आणि तिथे मका पिकवणारे वर्ध्याचे खानखोजे

मेक्सिकोच्या कम्युनिस्ट पक्षाचा इतिहास वाचायला घेतला की सुरुवातीलाच एक भारतीय भेटतो. ते म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय. 1919 मध्ये तिथल्या समाजवादी पक्षाचा कम्युनिस्ट पक्ष झाला, त्यात रॉय यांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी ते मेक्सिकोचे प्रतिनिधी म्हणून मॉस्कोला गेले.

पण या गोष्टीत आणखी एक भारतीय आहे, आणि तो आपल्या विदर्भातला आहे. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. वाशिमहून वर्ध्याला एका दिवसात जाऊन येता येतं, पण तिथे जन्मलेल्या या माणसाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

खानखोजे टिळकांच्या विचारांनी भारावलेले होते. विशीतच ते जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. तिथे लष्करी शिक्षण घेतलं, शेतीची पदवी घेतली आणि गदर चळवळ उभी करणाऱ्यांमध्ये सामील झाले. पहिल्या महायुद्धात ते इराण-बलुचिस्तानच्या बाजूला इंग्रजांशी लढले. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव गेल्यामुळे मायदेशाचे दरवाजे बंद झाले.

1921 मध्ये बर्लिनमधल्या भारतीय क्रांतिकारकांचं एक शिष्टमंडळ मदत मागायला मॉस्कोला गेलं. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत त्यात खानखोजेही होते. वाद नेमका कशावरून झाला? आधी इंग्रजांना घालवायचं, की आधी कम्युनिस्ट पक्ष बांधायचा, यावरून. रॉय यांनी 1920 मध्येच ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला होता. बर्लिनच्या गटाला त्यांचं नेतृत्व मान्य नव्हतं. पण मॉस्कोत वजन रॉय यांचं होतं, त्यामुळे हा गट रिकाम्या हाताने परतला.

आता गंमत बघा. 1924 मध्ये खानखोजे गेले ते थेट मेक्सिकोत, म्हणजे रॉय यांनी जिथे पक्ष उभा केला त्याच देशात!

तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना शिकवण्याचं काम मिळालं. क्रांतीनंतर मेक्सिकोत जमीनवाटप सुरू झालं होतं. पण जमीन मिळाली तरी बियाणं, माती, रोग यांचं ज्ञान कोण देणार? (हा प्रश्न आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.) खानखोजे यांनी गावागावांत शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. त्यांतल्या एका शाळेला शेतकरी नेते एमिलियानो झपाटा यांचं नाव दिलं होतं.

या शाळांमुळे ते कम्युनिस्टांच्या जवळ आले. चित्रकार दिएगो रिवेरा आणि छायाचित्रकार तिना मोदोत्ती, दोघंही पक्षाचे सदस्य. मोदोत्ती यांनी या शाळांचे आणि खानखोजे यांचे फोटो काढले. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरा यांचं एक चित्र आहे. त्यात टेबलाच्या मधोमध बसून भाकरी वाटणारा माणूस खानखोजे यांच्यावरून काढला, असं मानलं जातं.

पण 1929 मध्ये सगळं फिसकटलं. मॉस्कोच्या नव्या धोरणानुसार सरकारशी जुळवून घेणाऱ्यांना पक्षात जागा उरली नाही. शेतकरी संघटनेचे नेते उर्सुलो गाल्वान यांची हकालपट्टी झाली, पाठोपाठ रिवेरा यांचीही. सरकारनेही पक्षावर बंदी घातली आणि 1930 मध्ये मोदोत्ती यांना देशाबाहेर काढलं. माझ्या मते पक्षाचं खरं नुकसान बंदीपेक्षा हकालपट्ट्यांनी केलं, कारण त्यामुळे गावाशी असलेलं नातंच तुटलं.

खानखोजे मात्र तिथेच राहिले. मका आणि गव्हाच्या वाणांवर ते काम करत राहिले. 1936 मध्ये बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी त्यांनी लग्न केलं. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली.

1947 नंतर त्यांनी भारतात यायचं ठरवलं, तर काय झालं? स्वतंत्र भारताच्या सरकारने व्हिसाच नाकारला, कारण इंग्रजांची ती जुनी काळी यादी! पुढे हा निर्णय बदलला आणि ते नागपुरात स्थायिक झाले. जानेवारी 1967 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला तो 2022 मध्ये.