पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि शंका

हडपसरावरून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. तेथील मुक्तिसदन पुष्कळांस ठाऊक आहे. ते उभारणाऱ्या बाईंच्या बुद्धीचे धैर्य मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

१८५८ साली जन्मलेल्या, संस्कृतात पारंगत अशा रमाबाई १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने विलायतेस गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग खुंटला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनहॅम येथे गणित व सृष्टिशास्त्र अभ्यासिले. इकडे पुण्यात कल्लोळ उठला. तिकडे धर्मभगिनींनी आज्ञापालनाची अपेक्षा धरली. बाईंनी दोहोंपुढेही मान तुकविली नाही. ख्रिस्तावर निष्ठा होती, परंतु त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीस पटेना. तेव्हा तो पटल्याचे सोंग त्यांनी केले नाही. सिद्ध काय व असिद्ध काय हे निवडण्याची शास्त्राची शिस्त त्यांनी धर्मविचारातही पाळली, असे आम्हांस वाटते.

शंका उरली म्हणून त्यांनी श्रद्धा टाकिली नाही, की कार्य थांबविले नाही. १८८९ साली मुंबईस शारदासदन काढिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील निराधार मुलींस आश्रय दिला. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या निवर्तल्या.

धर्मांतराविषयी मतभेद असोत. जो व्यापारी न जुळलेली रक्कम जुळली म्हणून वहीत मांडीत नाही, त्यास आपण सचोटीचा म्हणतो. धर्माच्या व शास्त्राच्या वहीतही तीच सचोटी हवी. प्रश्न न सुटण्यात लाज नाही. तो सुटला असे खोटे लिहिण्यात आहे.