मुद्रा दुसऱ्याची, रचना बिल फिंगरची

ख्यालाची बंदिश बांधणारा आपली मुद्रा तीत गुंफून ठेवतो. ‘सदारंग’ ह्या मुद्रेचा न्यामतखाँ अठराव्या शतकात होऊन गेला. परंतु आजही त्याची चीज कोणी गायिली, की त्याचे नाव गवयाच्या तोंडून आपोआप उच्चारले जाते. गवई कोणीही असो, घराणे कोणतेही असो, रचना कोणाची हे लपत नाही. आता अशी कल्पना करावी, की एका माणसाने पंचवीस वर्षे रचना केल्या, त्या देशोदेशी गाजल्या, आणि प्रत्येकीत मुद्रा मात्र दुसऱ्याची राहिली. अमेरिकेतील चित्रकथांच्या दुनियेत बिल फिंगर ह्या लेखकाच्या नशिबी नेमके हेच आले. ज्या बॅटमॅनचे चित्रपट आज जगभर पाहिले जातात, त्याचे रूप, त्याचे नाव, त्याचे नगर आणि त्याचे शत्रू घडविण्यात ह्या माणसाचा फार मोठा वाटा होता. त्याच्या हयातीत हे मोजक्या लोकांनाच ठाऊक होते. आणि ते उजेडात आणले जुन्या चित्रकथांचे अंक जमविणाऱ्या हौशी मंडळींनी.

फिंगरचा जन्म ८ फेब्रुवारी १९१४ रोजी कोलोरॅडो प्रांतातील डेन्व्हर शहरी झाला. घराणे ज्यू. वडील ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून अमेरिकेत आलेले, व्यवसायाने शिंपी. मुलाचे नाव मिल्टन ठेवले होते. पुढे हे कुटुंब न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात राहावयास आले. तेथे वडिलांनी दुकान थाटले. परंतु १९२९ नंतरच्या मंदीत ते बंद पडले. मिल्टनला लेखनाची आवड होती आणि वाचनाची तर भूकच होती. १९३३ साली तो डीविट क्लिंटन विद्यालयातून बाहेर पडला, तेव्हा नोकऱ्या दुर्मिळ होत्या आणि ज्यू नावाच्या उमेदवारास त्याहूनही दुर्मिळ. मिल्टनचा तो बिल झाला. लेखक होण्याची उमेद मनात बाळगून तो जोडे विकण्याच्या दुकानात काम करू लागला.

अशा स्थितीत १९३८ च्या सुमारास एका मेजवानीत त्याची बॉब केनशी गाठ पडली. केनही त्याच विद्यालयातला, त्याच भागात वाढलेला, आणि त्यानेही आपले मूळचे कान हे आडनाव बदलून केन केले होते. केन चित्रे काढी व प्रकाशकांकडे जाऊन कामे मिळवी. त्याला गोष्टी लिहून देणारा कोणी हवा होता. फिंगर पडद्याआडून लिहू लागला. दोघे ब्रॉन्क्समधील पो उद्यानात बाकावर बसून कथानके जुळवीत. एडगर ॲलन पो ह्या सुप्रसिद्ध लेखकाचे छोटेसे घर त्या उद्यानात जपून ठेवलेले आहे. रहस्यकथेचा जनक ज्याला म्हणतात, त्याच्या दारी बसून पुढे एका गुप्तहेर नायकाची जडणघडण व्हावी, हा योग मोठा गमतीचा.

जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि पाहता पाहता त्याने मुलांची मने जिंकली. प्रकाशकांना तसाच आणखी एक नायक हवा झाला. केनने वटवाघळाच्या कल्पनेवर एक आकृती रेखाटली आणि ती फिंगरला दाखविली. ती आकृती आजच्या बॅटमॅनहून पुष्कळच निराळी होती : तांबड्या रंगाचे अंगाबरोबर बसणारे कपडे, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा, हात उघडे आणि पाठीला दोन ताठ पंख. फिंगरने तीत एकेक फेरफार सुचविला. डोके झाकणारे शिरस्त्राण व त्याला टोकदार कान असावेत. पंखांऐवजी कातरलेल्या काठांची झूल असावी, म्हणजे धावताना ती पंखांसारखी पसरेल. हातांत मोजे असावेत. तांबडा रंग जाऊन करडा व काळपट यावा. आणि डोळ्यांत बाहुल्या दाखवू नयेत. ही शेवटची कल्पना ली फॉक याच्या फँटमवरून सुचल्याचे फिंगर सांगत असे. १९३६ साली जन्मलेला हा फँटम म्हणजे पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी मुलांच्या घरी आलेला आपला वेताळच.

नायकाचे खरे नाव ब्रूस वेन हेही फिंगरचेच. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती वेन यांच्यापासून त्याने ते जुळविले. मे १९३९ अशी तारीख असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅनची पहिली सहा पानी कथा आली. ती फिंगरने लिहिली होती. तिचा साचा मात्र त्या काळच्या ‘शॅडो’ ह्या लोकप्रिय नायकाच्या एका गोष्टीवरून घेतलेला होता, आणि हे त्याने कधी लपविले नाही. कथेवर सही होती एकट्या केनची. प्रकाशकांशी करार केला तोही एकट्या केनने. बॅटमॅनचा निर्माता म्हणून आपले नाव कायम छापले जावे अशी तरतूद त्याने करून घेतली. त्या वेळी फिंगर जवळ नव्हता आणि त्याने आपला हक्क मागितलाही नाही. केनचे वर्तन न्यायाचे नव्हते. पण फिंगरचा भिडस्त स्वभावही त्याच्या आड आला, हे मान्य करावयास हवे.

पुढची पंचवीस वर्षे तो लिहीत राहिला. एकट्या बॅटमॅनला मनातले बोलावयास कोणी नाही, शेरलॉक होम्सला जसा वॉटसन होता तसा ह्याला कोणी हवा, हे त्याला जाणवले. आणि एप्रिल १९४० च्या अंकात रॉबिन आला. नगराला नाव शोधताना टेलिफोनच्या पुस्तकात एका जवाहिऱ्याच्या दुकानाचे नाव दिसले आणि ‘गॉथम’ सापडले. जोकरच्या जन्माबद्दल केन, फिंगर व चित्रकार जेरी रॉबिन्सन यांच्यात शेवटपर्यंत एकवाक्यता झाली नाही. परंतु व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरील १९२८ च्या मूकपटात सदा हसऱ्या चेहऱ्याची भूमिका करणाऱ्या कॉनराड फाइटचे छायाचित्र फिंगरने आणून दाखविले होते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. कॅटवुमन, पेंग्विन, टू-फेस, रिडलर अशा पात्रांच्या पहिल्या कथा त्याच्याच लेखणीतून उतरल्या. चित्रकार मार्टिन नोडेल याच्याबरोबर १९४० साली त्याने ‘ग्रीन लँटर्न’ही उभा केला.

फिंगर जवळ वह्या बाळगी. कोठे काही विलक्षण वाचले वा पाहिले, की ते तो टिपून ठेवी. प्रचंड टंकलेखनयंत्रावर धावणारा, अवाढव्य वस्तूंच्या प्रदर्शनात शत्रूशी झुंजणारा बॅटमॅन ह्या वह्यांतून निघाला. चित्रकाराला नीट कळावे म्हणून तो कथेबरोबर मासिकांतील चित्रांची कात्रणे जोडून देत असे. इतक्या निगुतीने काम करणाऱ्याचा हात साहजिकच सावकाश चाले. मुदती टळत, संपादक रागावत, पैशाची ओढाताण कधी संपत नसे. इकडे १९४३ साली कोलंबिया कंपनीने पंधरा भागांचा बॅटमॅनपट काढला. त्यावरही निर्माता म्हणून नाव झळकले ते केनचेच.

येथे संग्राहकांची हकीकत सांगितली पाहिजे. दहा सेंटांचे ते अंक हलक्या कागदावर छापलेले असत. मुले वाचीत आणि टाकून देत. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत त्यांचे ढीगच्या ढीग गेले. जे थोडे उरले ते कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत. लहानपणी वाचलेल्या अंकांच्या ओढीने काही प्रौढ माणसे १९६० च्या आसपास ते पुन्हा शोधू लागली. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात विज्ञान शिकविणारे प्राध्यापक जेरी बेल्स हे त्यांतले अग्रणी. १९६१ साली त्यांनी ‘ऑल्टर इगो’ नावाचे हौशी पत्र सुरू केले. जुन्या अंकांवर लेखकाचे नाव बहुधा नसेच. बेल्स अंक शेजारी शेजारी ठेवून कोणती रेघ कोणाची, कोणते कथानक कोणाचे, हे ताडीत. मुरलेला श्रोता पडद्याआडची तान ऐकून गवयाचे घराणे सांगतो, त्यातलाच हा प्रकार. शंका आली की ते त्या जुन्या लेखक-चित्रकारांना पत्रे धाडून विचारीत.

१९६५ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात ह्या चाहत्यांचे संमेलन भरले आणि तेथे बिल फिंगर व्यासपीठावर येऊन बसला. आपण काय काय लिहिले हे त्याने प्रथमच चारचौघांत सांगितले. बेल्स यांनी त्यावर दोन पानांचा लेख लिहून मित्रमंडळींत वाटला. केनला तो झोंबला. आपणच एकटे बॅटमॅनचे जनक आहोत असे लांबलचक उत्तर त्याने ‘बॅटमेनिया’ ह्या चाहत्यांच्या पत्राकडे धाडले. फिंगर मात्र भांडावयास उभा राहिला नाही. पुढल्याच वर्षी दूरचित्रवाणीवरील बॅटमॅन मालिकेचे दोन भाग त्याने मित्र चार्ल्स सिंक्लेअर याच्यासह लिहिले. ‘क्लॉक किंग’ नावाच्या घड्याळवेड्या खलनायकाच्या त्या दोन भागांवर फिंगरचे नाव लागले. पडद्यावरील बॅटमॅनशी ते त्याच्या हयातीत जोडले गेले ते तेवढेच.

हृदयविकाराने त्याला पूर्वीच गाठले होते. १८ जानेवारी १९७४ रोजी मॅनहॅटनमधील आपल्या घरी तो मृतावस्थेत आढळला. वय एकोणसाठ. बेवारशी प्रेतांच्या दफनभूमीत त्याला पुरले, असा समज पुढे कित्येक वर्षे होता. लेखक मार्क टायलर नोबलमन यांनी शोध घेतला, तेव्हा खरे काय ते कळले : एकुलत्या एका मुलाने त्याची रक्षा ओरेगॉनच्या समुद्रकिनारी वाळूवर वटवाघळाच्या आकारात पसरली होती आणि लाटांनी ती नेली.

१९८९ साली बॅटमॅनवरील टिम बर्टनचा चित्रपट आला. त्याच वर्षी केनचे आत्मचरित्र निघाले. त्यात त्याने फिंगरचे ऋण कबूल केले आणि त्याला त्याचे श्रेय मिळाले नाही याची खंत व्यक्त केली. पण श्रेयनामावली बदलली नाही. केन १९९८ साली वारला. २००५ पासून फिंगरच्या नावे उपेक्षित लेखकांसाठी पुरस्कार सुरू झाला. नोबलमन यांनी फिंगरच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या नातीला शोधून काढले, २०१२ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि त्या नातीने आजोबांचा हक्क कंपनीकडे मागितला. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने ते मान्य केले. २०१६ च्या चित्रपटात केनच्या नावापुढे ‘सह’ अशा अर्थाचा एक शब्द आला आणि त्यापुढे आले बिल फिंगर.

बॅटमॅनच्या त्या पहिल्या, दहा सेंटांच्या अंकाची एक प्रत २०१० साली लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. संग्रहाचा हा बाजार पाहून पुष्कळांना हसू येते, आणि काही वेळा ते योग्यही असते. पण त्या हौशी मंडळींनी पिवळी पडलेली पाने जपली नसती, ती एकमेकांशी ताडून पाहिली नसती, तर एका मितभाषी लेखकाचे नाव रद्दीबरोबरच गेले असते. डिसेंबर २०१७ मध्ये ब्रॉन्क्समधील पो उद्यानाजवळच्या कोपऱ्याला ‘बिल फिंगर मार्ग’ असे नाव देण्यात आले. त्याची समाधी कोठेही नाही. ज्या बाकांवर बसून त्याने दुसऱ्याच्या मुद्रेखाली रचना केल्या, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याच्या स्वतःच्या नावाची ती पाटी उभी आहे.