सुलतानपूरच्या वाटेने आलेला वारस

१३ ऑक्टोबरला इंग्लंडची ख्रिस्तसभा संत एडवर्ड राजाचा सण पाळते. अँग्लो-सॅक्सन राजघराण्यातला हा वारस कोवळ्या वयात परागंदा झाला, पंचवीसेक वर्षे नॉर्मंडीत राहिला, १०४२ मध्ये गादीवर बसला आणि १०६६ मध्ये निपुत्रिक वारला. त्याची कथा वाचताना आम्हाला आपल्या शहादा तालुक्यातले सुलतानपूर आठवले. असाच एक वारस १७०७ मध्ये नर्मदा ओलांडून याच भागातून गेला होता. ते साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज. (कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे, ते पुष्कळ नंतरचे.)

शाहू म्हणजे संभाजी महाराज व येसूबाई यांचे पुत्र. जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारले, त्याच वर्षी रायगडही पडला, आणि सात वर्षांचे शाहू आईसह मोगल छावणीत कैदी झाले. जवळजवळ अठरा वर्षे तंबूंत गेली. १७०७ मध्ये औरंगजेब वारला. मराठ्यांत फूट पडावी म्हणून त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडले, पण येसूबाईंना ओलीस ठेवून घेतले. आईला शत्रूच्या हाती सोडून मुलाला राज्य मागायला निघावे लागले.

जवळ फौज नव्हती. ती जमू लागली आपल्या खानदेशात. बिजागडचे मोहनसिंग रावळ, लांबकानीचे सुजानसिंग रावळ, तापीकाठच्या कोकरमुंड्याचे अमृतराव कदम बांडे येऊन मिळाले.

साताऱ्यात मात्र काकू ताराबाई होत्या. पती राजाराम महाराजांच्या मागे सात वर्षे त्या औरंगजेबाशी झुंजल्या होत्या. संभाजी महाराजांच्या वेळी गेलेले राज्य आपल्या पतीने पुन्हा उभारले, म्हणून ते आपल्या मुलाचे, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे होते असे आम्हाला वाटत नाही. आलेला शाहू तोतया आहे, असेही त्यांनी जाहीर केले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडला लढाई झाली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे वळले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

वाटेत एक प्रसंग घडला होता. पारद गावचा पाटील लोखंडे शाहूंशी लढताना मारला गेला. त्याच्या विधवेने आपले तान्हे पोर शाहूंच्या पायाशी आणून घातले. शत्रूचे पोर, पण शाहूंनी ते आपले म्हणून वाढवले आणि नाव ठेवले फत्तेसिंह भोसले. योनाथानाच्या पांगळ्या मुलाला दावीद राजाने आपल्या पंक्तीला बसवले, ते येथे आपल्याला आठवेल. याच फत्तेसिंहापासून अक्कलकोटचे राजघराणे चालले, ते संस्थान विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत.

येसूबाई १७१९ मध्ये सुटल्या. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी त्यांना दिल्लीहून आणले. आईचे तोंड पाहायला मुलाला बारा वर्षे लागली होती. चुलतभाऊ कोल्हापूरचे संभाजी यांच्याशी १७३१ मध्ये वारणेचा तह झाला आणि भोसल्यांच्या दोन गाद्या झाल्या. ताराबाई हाती लागल्यावर शाहूंनी त्यांना साताऱ्यात नजरकैदेत पण मानाने ठेवले.

एक गोष्ट शाहूंना साधली नाही. वारस म्हणावा असा मुलगा त्यांच्यामागे उरला नाही. तेव्हा ताराबाईंनीच, आपला एक नातू लपवून वाढवला आहे, असे सांगितले. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज वारले आणि तो नातू, रामराजा, गादीवर आला. वर्षभरात ताराबाईंचे त्याच्याशी बिनसले. त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा तोतया आहे, असे पुन्हा एकदा जाहीर केले. रामराजा १७७७ पर्यंत नावापुरता छत्रपती राहिला.