वृत्तालेखाचा जनक : विल्यम प्लेफेअर



संगणकाच्या हार्ड डिस्कवर किती जागा उरली आहे हे पाहण्यासाठी आपण ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडतो, तेव्हा पडद्यावर एक वर्तुळ दिसते. ५०० जीबीपैकी ४०० जीबी जागा भरली असेल, तर वर्तुळाचा २८८ अंशांचा भाग एका रंगात आणि उरलेला ७२ अंशांचा भाग दुसऱ्या रंगात असतो. आकडे वाचण्याआधीच जागा संपत आल्याचे डोळ्यांना कळते. गणितात यालाच आपण वृत्तालेख म्हणतो. हा वृत्तालेख ज्याने जगाला दिला, तो विल्यम प्लेफेअर संगणकाच्या कितीतरी आधी होऊन गेला.

विल्यमचा जन्म २२ सप्टेंबर १७५९ रोजी स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळ लिफ या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. १७७२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि थोरला भाऊ जॉन याच्यावर विल्यमच्या शिक्षणाची जबाबदारी आली. जॉन पुढे नामवंत गणितज्ञ झाला. त्याने धाकट्या भावाला रोजच्या तापमानाची नोंद रेषा काढून ठेवायला लावले. जे आकड्यांनी सांगता येते ते रेषांनीही दाखवता येते, हा धडा विल्यम जन्मभर विसरला नाही.

मळणी यंत्र बनवणाऱ्या अँड्र्यू मीकल याच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. १७७७ मध्ये तो बर्मिंगहॅमला वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅटकडे आराखडे काढण्याच्या कामावर लागला. पुढे नोकरी सोडून त्याने लंडनमध्ये चांदीकामाचा धंदा सुरू केला, पण तो चालला नाही.

१७८६ मध्ये त्याचा व्यापारविषयक ‘अ‍ॅटलास’ प्रसिद्ध झाला. अ‍ॅटलास म्हटले तरी त्यात भूगोलाचे नकाशे नव्हते. इंग्लंडची अनेक वर्षांची आयात-निर्यात त्यात रेषांनी दाखवली होती. स्कॉटलंडची माहिती मात्र त्याच्याजवळ एकाच वर्षाची होती. एका वर्षाची चढती-उतरती रेषा कशी काढणार? मग त्याने १७ ठिकाणांशी होणारा स्कॉटलंडचा व्यापार आडव्या पट्ट्यांनी दाखवला. आपला स्तंभालेख असा माहितीच्या टंचाईतून जन्मला!

त्यानंतर तो पॅरिसला गेला. तेथे राज्यक्रांतीचा काळ त्याने जवळून पाहिला. अमेरिकेतील जमिनींच्या विक्रीत त्याने हात घातला; त्या व्यवहारात अनेकांचे नुकसान झाले आणि तो लंडनला परतला. १८०१ मध्ये त्याचे ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ हे पुस्तक निघाले. त्यात तुर्की साम्राज्याचा आशिया, युरोप व आफ्रिका खंडांतील विस्तार त्याने एकाच वर्तुळाचे तीन भाग करून, हाताने रंग भरून दाखवला. हाच पहिला वृत्तालेख मानला जातो. याच पुस्तकाच्या पुरवणीत त्या काळच्या हिंदुस्थानातील राजसत्तांचीही माहिती आहे.

विल्यमचे सारेच वागणे अनुकरणीय नव्हते. धंदे बुडाले, कर्ज झाले, कज्जे मागे लागले. ११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये गरिबीतच त्याचा अंत झाला. त्याच्या हयातीत इंग्लंडमधील विद्वानांनी या चित्रांना फारसे महत्त्व दिले नाही. चांगली कल्पना मात्र माणसामागे उरते. १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने सैनिकांच्या मृत्यूची कारणे वर्तुळाकार आकृतीने सरकारपुढे मांडली. १९९० मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक बेन श्नायडरमन यांच्यापुढे चौदा जणांत वापरली जाणारी ८० एमबीची डिस्क सारखी भरण्याची अडचण होती. कोणाच्या फाइलींनी किती जागा व्यापली हे दिसावे म्हणून त्यांनी लहान-मोठ्या चौकोनांची आकृती योजली. फाइल जेवढी मोठी, तेवढा चौकोन मोठा!

मित्रांनो, एक वर्तुळ काढून त्यात आपल्या दिवसाचे २४ तास मांडून पाहा. एका तासाला १५ अंश. झोप, शाळा, अभ्यास, खेळ आणि टीव्ही यांना वेगवेगळे रंग द्या. पालकांनीही घरखर्चाचा असाच वृत्तालेख काढून पाहावा. कोणता रंग जास्त पसरला आहे, ते कोणी सांगावे लागणार नाही.