पाण्याचा हिशेब : थोरले बाजीराव आणि आपले युद्धखेळ

कॅडेट मित्रांनो, नकाशावाचनाच्या तासाला दरवर्षी एक वाद हमखास निघतो. अर्धा वर्ग म्हणतो की संगणकावरचा युद्धखेळ जितका खरा दिसेल तितका चांगला. धूळ उडाली पाहिजे, रणगाड्याच्या पट्ट्यांचा आवाज आला पाहिजे, गोळी लागलेला सैनिक कोसळलेला दिसला पाहिजे. उरलेल्या अर्ध्या वर्गाला षटकोनांचा पट आणि त्यावर सरकणाऱ्या साध्या चौकोनी सोंगट्या आवडतात. त्यांच्या मते चित्रे ही करमणूक आहे, युद्ध डोक्यात असते. पालकसभेतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो : मुलगा तासन्‌तास जे खेळतो त्यातून तो काही शिकतो का, की नुसता वेळ जातो?

या प्रश्नाला मी नेहमी एका माणसाच्या चरित्राने उत्तर देतो. तो माणूस म्हणजे थोरले बाजीराव पेशवे. रायपूरच्या शाळेत त्यांचे नाव घ्यायला आणखीही एक कारण आहे. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १७४१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरला पोहोचले आणि छत्तीसगढचा मराठ्यांशी संबंध जुळला. या भागात ज्या मराठी घरांची मुळे जुनी आहेत, त्यांच्या गोष्टीची सुरुवात त्याच काळात होते.

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. वडील बाळाजी विश्वनाथ, आई राधाबाई, धाकटा भाऊ चिमाजी अप्पा. पोरवयापासून ते वडिलांबरोबर मोहिमांवर जात. १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीला गेले, तेव्हा हा मुलगा सोबत होता. बादशाही किती पोकळ झाली आहे हे त्याने स्वतः पाहिले. १७२० च्या एप्रिलमध्ये वडील वारले आणि त्याच महिन्यात मसूर येथे शाहू महाराजांनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली. वय एकोणीस. दरबारातल्या अनुभवी मंडळींना ही निवड पटली नव्हती. आपल्या बारावीच्या कॅडेटपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठा मुलगा एका राज्याचा कारभार पाहू लागला, हे एकदा मनाशी घोळवून पाहा.

त्यांची फौज हलक्या घोडदळाची होती. जड तोफा नाहीत, हत्ती-अंबाऱ्यांचा लवाजमा नाही, बाजारबुणगे शक्य तितके कमी. समोरचा निजाम-उल्‌-मुल्क मात्र त्या काळातला सर्वांत मुरलेला सेनानी होता. वयाने बाजीरावांपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी मोठा, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला आणि उत्तम तोफखाना बाळगणारा. दोघांचे बळ कागदावर मांडून बेरीज केली, तर कोणताही खेळ निजामाच्याच बाजूने कौल देईल.

१७२७ च्या पावसाळ्याच्या शेवटी दोघांची गाठ पडायची वेळ आली. निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेऊन शाहू महाराजांच्या सत्तेलाच आव्हान दिले होते. बाजीराव त्याच्या तोफांसमोर उभे राहिले नाहीत. जालना, सिंदखेड हा निजामाचा मुलूख त्यांनी लुटला, बऱ्हाणपूरवर जातो अशी हूल दिली आणि खानदेशातून थेट गुजरातेत उतरले. पाठलागाला कंटाळून निजामाने पुण्याकडे मोर्चा वळवला. त्याने पुणे घेतले आणि तिथे संभाजीराजांना छत्रपती म्हणून पुढे केले. घर शत्रूच्या हाती गेल्यावर कोणीही धावत परत येईल, असा त्याचा कयास होता. बाजीराव परत आले, पण पुण्याला नाही. ते निजामाच्या औरंगाबादवर निघाले. आता धावायची पाळी निजामाची होती. वेग साधण्यासाठी त्याला जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. गोदावरी ओलांडून तो पुढे आला आणि १७२८ च्या फेब्रुवारीअखेर पालखेडजवळ मराठ्यांनी त्याला गाठले. हे पालखेड वैजापूर तालुक्यातले. नाशिककडच्या पालखेड धरणाशी त्याची गल्लत करू नका.

पालखेडला मोठी लढाई अशी झालीच नाही. मराठ्यांनी निजामाची रसद तोडली आणि पाण्याच्या वाटा अडवल्या. काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागते. नुसती दहा हजार घोडी धरली, तरी रोजचे तीन ते चार लाख लिटर झाले. त्यावर माणसे, बैल, उंट वेगळे. एवढे पाणी मिळाले नाही, तर उत्तमातली उत्तम फौज दोन-तीन दिवसांत उभी राहू शकत नाही. निजामाने बोलणी सुरू केली. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू महाराजांचा दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्याने मान्य केला आणि संभाजीराजांचा पक्ष सोडला. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनी पुढे युद्धाचा इतिहास लिहिताना हालचालीच्या डावपेचांचा उत्तम नमुना म्हणून याच मोहिमेचा गौरव केला.

आता आपल्या वादाकडे या. ही मोहीम खेळात मांडायची कशी? बुद्धिबळाच्या पटावर हत्ती, घोडा, उंट, प्यादी सगळे आहेत, पण चौसष्ट घरांत कुठेही तहान नाही. पट दोघांनाही पूर्ण दिसतो आणि घोडा कधी दमत नाही. ज्याला आपण युद्धखेळ म्हणतो तो प्रशियात जन्मला. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी तो घडवला. वडिलांनी १८१२ मध्ये राजाला भूप्रदेश मांडायचे एक टेबल दिले. मुलाने १८२४ मध्ये १:८००० प्रमाणाचा नकाशा, फासे आणि पंच असलेला नियमबद्ध खेळ छापला. प्रत्येक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. नियम वाढत गेले, तक्ते वाढले आणि अधिकारी हिशेबातच अडकू लागले. शेवटी १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने बहुतेक तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मोकळा खेळ मांडला. म्हणजे खरेपणा की सुटसुटीतपणा, हे भांडण संगणकापेक्षा फार जुने आहे.

पालखेड या भांडणाचा निकाल लावते असे मला वाटते. एखाद्या खेळात घोड्याच्या आयाळीचा केस न्‌ केस दिसत असेल, पण त्याला पाणी लागत नसेल, तर त्या खेळात निजाम जिंकेल आणि खेळ खोटा ठरेल. उलट, कागदावर काढलेल्या नद्या, सहा खडे, रोजच्या मजलीची मर्यादा आणि पाण्यापासून दोन दिवस दूर राहिलेला खडा उचलायचा, एवढा एक नियम पुरतो. त्यात बाजीरावांचा डाव पुन्हा उभा राहतो. जे दिसते ते टिपणे म्हणजे खरेपणा नव्हे. निकाल ज्यावर ठरतो ते न वगळणे म्हणजे खरेपणा.

पुढच्याच वर्षी याची दुसरी बाजू दिसली. १७२९ मध्ये बाजीराव आपल्या शेजारच्या गोंडवनातून, देवगड-गढ्याच्या वाटेने बुंदेलखंडात उतरले. महंमदखान बंगशाने वृद्ध छत्रसालांना जेरीस आणले होते. बंगशच जैतपुरात कोंडला गेला. पावसाळा जवळ येताच बाजीरावांना परतावे लागले, पण वेढा चालू राहिला आणि उपासमारीने बंगशाने हात टेकले. शेतीची कामे आणि नद्यांचे पूर यांनी त्या काळी मोहिमेची मुदत ठरत असे. ज्या खेळात ऋतू नाही, त्यात हा प्रसंग बसतच नाही.

माहितीचेही तसेच. १७३७ च्या मार्चमध्ये सादतखानाने दुआबात उतरलेल्या मल्हारराव होळकरांच्या तुकडीचा पराभव केला आणि मराठ्यांची मुख्य फौजच मोडली अशी बातमी दिल्लीला धाडली. बादशाही सरदार निर्धास्त झाले. बाजीराव त्यांना वळसा घालून, लांबलांब मजला मारत, महिनाअखेर थेट दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले. चालून आलेल्या तुकडीचा त्यांनी मोड केला, शहर न लुटता दरारा बसवला आणि मोठ्या फौजा जमायच्या आत ते निघून गेले. संगणकाच्या खेळात आपण पुष्कळदा आकाशातून सगळे मैदान पाहतो. सादतखानाला ते दिसत नव्हते. त्याला फक्त स्वतःचा विजय दिसत होता. म्हणून शत्रू लपवणारा खेळ, चित्रे साधी असली तरी, मी श्रेष्ठ मानतो. १९९६ मध्ये आलेल्या क्लोज कॉम्बॅट या संगणकखेळात घाबरलेला सैनिक हुकूम पाळत नसे. तेही याच जातीचे शहाणपण.

त्याच वर्षाच्या अखेरीस निजाम पुन्हा समोर आला. या वेळी त्याने तोफा सोडल्या नाहीत. पालखेडचा धडा तो शिकला होता, पण अर्धाच. भोपाळला तो तोफखान्याच्या आडोशाने तळाला चिकटून बसला. तिथे तलाव होता, पाणी भरपूर होते. धान्य नव्हते. मराठ्यांनी भोवती घिरट्या घालून कुमक येऊ दिली नाही. जानेवारी १७३८ मध्ये दुराहा-सराईला तह झाला. माळवा, नर्मदा ते चंबळ हा मुलूख आणि पन्नास लाख रुपये देण्याचे त्याने कबूल केले.

एवढे वाचून कोणी म्हणेल, झाले तर मग, पाणी आणि रसद हाच युद्धाचा नियम. बाजीरावांचेच चरित्र इथे आपल्याला थांबवते. १७३३ मध्ये ते सिद्दीविरुद्ध कोकणात उतरले. रायगड स्वराज्यात परत आला, पण जंजिरा मिळाला नाही. भोवती समुद्र आणि आरमारावर येणारी रसद असलेल्या किल्ल्यापुढे जगातले उत्तम घोडदळ काय करणार? शेवटी तडजोड करावी लागली. वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली ती सुरुंग, मोर्चे आणि दीर्घ वेढ्याच्या बळावर. पालखेडसाठी केलेले खेळाचे नियम जंजिऱ्याला लावले, तर ते खोटे उत्तर देतात. प्रत्येक नमुना एका प्रश्नासाठी असतो. प्रश्न बदलला की काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे नव्याने ठरवावे लागते.

आणि दोन गोष्टी कोणत्याच खेळात मला नीट भेटलेल्या नाहीत. पहिली, कर्ज. बाजीराव विजयामागून विजय मिळवत होते आणि सावकारांच्या देण्याखाली दबत होते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत ही विवंचना पुन्हा पुन्हा येते. दुसरी, रयत. जालना-सिंदखेडची लूट नकाशावर एक बाण असते. जमिनीवर ती कोणाची तरी वैरण, बैल आणि बियाणे होते. शत्रूची रसद तोडणे म्हणजे बहुधा गावाची रसद तोडणे. उद्या हुकूम देणाऱ्या मुलाला हे ठाऊक असले पाहिजे, कारण पडद्यावर बाण ओढताना हात थरथरत नाही.

१७४० च्या सुरुवातीला बाजीरावांनी निजामाचा मुलगा नासिरजंग याला नमवले आणि ते नर्मदाकाठी गेले. तिथे रावेरखेडीला ज्वराने त्यांना गाठले. २८ एप्रिल १७४० रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. समाधी आजही तिथे, मध्य प्रदेशाच्या खरगोन जिल्ह्यात आहे. ज्याने वीस वर्षे शत्रूच्या दमाचा हिशेब केला, त्याचे स्वतःचे शरीर ऐन उन्हाळ्यात, छावणीत संपले.

पालकांना माझे सांगणे एवढेच की महागडे ग्राफिक्स कार्ड हे शिक्षण नाही, आणि खेळ म्हणजे नुकसान असेही नाही. मुलाला विचारा : तुझ्या खेळात तहान लागते का? शत्रू लपलेला असतो का? दारूगोळा संपतो का? उत्तरे देता आली, तर तो शिकतो आहे.

कॅडेट मित्रांनो, तुम्हाला सुटीचा अभ्यास देतो. खारून आणि महानदी यांच्यामधला नकाशा घ्या. एप्रिल महिना धरा. रूट मार्चला पाण्याची बाटली कितव्या किलोमीटरला रिकामी होते हे तुम्हाला माहीत आहेच. दोन तुकड्या, बारा खडे, रोजची मजल आणि पाण्याचा नियम तुम्ही ठरवा. काय गाळले आणि का गाळले, हे अर्ध्या पानात लिहून आणा. खेळ कोण जिंकले ते मी विचारणार नाही. ते अर्धे पान वाचणार आहे.