थॅलियम स्कॅन आणि होमी भाभा

हृदयाचा थॅलियम स्कॅन लिहून दिला की जळगाव-धुळ्याकडच्या पेशंटचा पहिला प्रश्न असतो तो किरणांच्या धोक्याचा. अणू म्हटलं की आपल्याला बॉम्बच आठवतो. म्हणून आधी एका माणसाविषयी वाचा.

होमी भाभा यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. घरच्यांच्या इच्छेखातर केंब्रिजला इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि मग भौतिकशास्त्राकडे वळले. 1939 मध्ये सुट्टीसाठी भारतात आले, महायुद्ध पेटलं, आणि ते इथेच राहिले. 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, 1954 मध्ये ट्रॉम्बेचं अणुकेंद्र आणि 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा, ही भारतातली पहिली अणुभट्टी. (चित्रंही उत्तम काढायचे!)

अप्सरा वीज बनवण्यासाठी नव्हती. संशोधनाबरोबरच तिच्यात किरणोत्सारी समस्थानिकं, म्हणजे किरण सोडणारे अणू, तयार करता येत. तपासणीसाठी आणि उपचारासाठी लागतात ती हीच. भाभांच्याच कारकिर्दीत, 1963 मध्ये, परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. त्यांच्या कामाचा हा भाग फारच कमी सांगितला जातो. 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लां पर्वतावर विमान कोसळून ते गेले. वय अवघं 56.

आता तुमच्या स्कॅनबद्दल. नाव थॅलियमचं राहिलं, पण बहुतेक ठिकाणी आता टेक्नेशियम वापरतात. थॅलियमची किरणशक्ती निम्मी व्हायला सुमारे 73 तास लागतात, टेक्नेशियमची 6 तासांत होते; म्हणजे 24 तासांनी सोळावा हिस्साच उरतो. शिवाय त्याचे किरण गॅमा कॅमेरा चांगले टिपतो, चित्र स्वच्छ येतं.

अँजिओग्राफी रक्तवाहिनीतला अडथळा दाखवते. हा स्कॅन स्नायूपर्यंत रक्त पोहोचतं का ते दाखवतो. श्रमाच्या चित्रात कमी आणि विश्रांतीत ठीक असेल, तर स्नायू जिवंत आहे पण त्याला रक्त अपुरं पडतंय. दोन्हींत कमी असेल, तर बहुधा जुन्या अटॅकचा व्रण. स्टेंटचा निर्णय पुष्कळदा इथे ठरतो.

कधी श्वासपटलामुळे किंवा स्तनांमुळे खोटी सावली पडते. तेव्हा तंत्रज्ञ पालथं झोपवून पुन्हा चित्र घेतात. काही बिघडलं असं समजू नका. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवा, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगा, आणि रोजच्या गोळ्यांपैकी कुठल्या थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.